रोमचा फुकट गहूं आणि आमचे पंधराशें
(मावळांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



शहरांतले शिकलेले लोक हल्लीं आम्हांला रोमची गोष्ट सांगतात. म्हणे, रोमचें राज्य एके काळीं लोकांचें होतें. पुढें गरिबांना फुकट धान्याची चटक लागली आणि लोकसत्ता बुडाली. गोष्ट संपली कीं ते आमच्या आयाबहिणींच्या पंधराशें रुपयांकडे बोट दाखवितात. ही गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी आपण शेतकऱ्यांनीं ऐकली पाहिजे, कारण ती शेतकऱ्याचीच आहे.

रोमचे शिपाई म्हणजे तेथले कुणबीच. आपले मावळे नांगर ठेवून तलवार घेत, तसेच ते. लढाया लांबल्या, घरधनी वर्षानुवर्षें परमुलखांत. मागें शेत पडीक, डोक्यावर कर्ज. जमिनी बड्या लोकांच्या घशांत गेल्या आणि त्यांवर लढाईंत धरून आणलेले गुलाम राबूं लागले. शेतकरी शहराच्या गल्लींत येऊन पडला. इसवी सनापूर्वीं १३३ सालीं तैबेरियस ग्राकस या लोकांच्या प्रतिनिधीनें कायदा आणला, कीं सरकारी जमीन कोणीं ठराविक मापाहून, म्हणजे आपल्या हिशेबानें सुमारें तीनशें एकरांहून, जास्त दाबूं नये. वरची भूमिहीनांना वाटावी. लोकांच्या सभेनें कायदा पास केला. मग सेनेटांतल्या थोर गृहस्थांनीं काय करावें? बाकांचे मोडके पाय हातीं घेऊन त्यांनीं ग्राकसाला व त्याच्या तीनशेंहून अधिक माणसांना ठार मारलें आणि प्रेतें नदींत फेकलीं. रोमच्या चावडीवर पहिलें रक्त सांडलें तें फुकट गहूं खाणाऱ्यांनीं नव्हे! जमीन न सोडणाऱ्यांनीं सांडलें. पण बखरी लिहिणारे त्यांच्याच पंक्तीचे, म्हणून दोष आला गरिबाच्या पोटावर.

त्याचा धाकटा भाऊ गायस. त्यानें स्वस्त धान्याचा कायदा केला आणि भूमिहीनांसाठीं नव्या वसाहती मांडल्या. या खेपेस सेनेटनें निराळी युक्ति काढली. ड्रुसस नांवाचा आपला माणूस पुढें केला. गायस दोन वसाहती म्हणाला, तर ड्रुसस म्हणाला बारा! लोक ड्रुससकडे वळले, गायस एकटा पडला आणि १२१ सालीं मारला गेला. त्या बारा वसाहती वसल्याचें कांहीं इतिहासांत दिसत नाहीं.

आतां आपल्याकडे या. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना लागू झाली, दरमहा १५०० रुपये. नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक. सत्ताधारी म्हणाले २१०० देऊं. विरोधक म्हणाले ३००० देऊं. बैलबाजारांतसुद्धां एवढी बोली चढत नाहीं. निवडणूक झाली, मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला; २१०० त्यांत नव्हते. जुलै २०२५ मध्यें सरकारनेंच सांगितलें, कीं सुमारें २६ लाख अर्जदारांचे पैसे थांबविले. त्यांत खोटे अर्ज होते, पुरुषांनींही पैसे उचलले होते, तें कापावेंच. पण मतदानाआधीं हे अर्ज तपासायला कोणाला सवड झाली नाहीं, ती मागाहून कशी झाली? रोममध्यें गहूं अगदीं फुकट झाला इसवी सनापूर्वीं ५८ सालीं. पुढें गरिबांचा कैवारी म्हणून सीझर वर चढला, आणि सत्ता पक्की होतांच त्यानें धान्याच्या यादींतलीं तीन लाख वीस हजार नांवें दीड लाखांवर आणलीं.

पंधराशें घेणाऱ्या बाईला मी नांवें ठेवणार नाहीं. भात-लावणींत कंबर मोडणाऱ्या बाईचे ते हक्काचे आहेत. माझें म्हणणें निराळें आहे. सीझरमागून आलेल्या बादशहांनीं धान्य बंद केलें नाहीं, चालूच ठेवलें. गेलें तें मत. इसवी सन १४ मध्यें अधिकारी निवडण्याचें काम लोकांच्या सभेकडून काढून सेनेटकडे दिलें, आणि लोकांनीं थोडी कुरकुर करून तें सोसलें.

आपल्या पुणें जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. पुढें वर्षानुवर्षें निवडणूक झाली नाहीं, प्रशासक साहेबच कारभारी होते. लोणावळें नगरपरिषदेचीहि तीच गत झाली, तेथें डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. तुमच्यापैकीं किती जणांनीं त्याबद्दल विचारलें? खात्यांत पैसे आले कीं नाहीं, हें मात्र बँकेच्या दारांत रोज विचारलें.

आणि जमीन? लोणावळें-वळवणच्या तलावांपासून आपला डोंगर दुसऱ्यांच्या दिव्यासाठीं पाणी धरतो आहे. पवना धरणांत ज्यांचीं शेतें बुडालीं त्यांतल्या कित्येकांच्या पर्यायी जमिनीचें घोंगडें पन्नास वर्षें भिजत पडलें. त्याच पवनेचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं शेतकरी बऊर येथें द्रुतगति मार्गावर आले, तेव्हां पोलिसांच्या गोळीबारांत तीन जीव गेले. त्यांत एक बाई होती. त्यांनीं मासिक रक्कम मागितली नव्हती. पाणी मागितलें होतें.

वर्षांत चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुढच्या सभेला बाया, सुतार, लोहार, कुंभार, कातकरी सगळे या. यादींतून गळलेलीं नांवें कारणांसह मोठ्यानें वाचावयास लावा, आणि त्याच बैठकींत दहा वर्षांत गांवची किती जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर गेली तेंहि वाचावयास लावा. तलाठी आला नाहीं तर तसें प्रोसिडिंगांत लिहून घ्या.