पुढची चाके ओढीत का नाहीत?



माळव्याच्या काळ्या जमिनीचा स्वभाव येथल्या माणसास सांगावयास नको. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस लागला की तीच माती फुगून चाकाला अशी बिलगते की चाक आणि चिखल यांत भेद उरत नाही. सोयाबीन निघते तेही नेमके परतीच्या पावसाच्या दिवसांत. शेतातून पोती भरून निघालेली गाडी डांबरी सडकेपर्यंत पोचली, म्हणजे पुढे इंदूरच्या छावणीची मंडी गाठणे सोपे. अडते ते मधल्या अर्ध्या कोसात. त्या अर्ध्या कोसासाठीच चारही चाकांनी ओढणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हची गाडी घेतलेली असते. ऐन वेळी तिची पुढची चाके स्वस्थ बसली तर काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय.

या गाड्यांचे कूळ जीपचे. १९४१ पासून विलिस कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी जीप बांधली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात महिंद्र कंपनीने ती जात आपल्या देशात रुजविली. पुढे पिकअप गाड्या आल्या, तरी मूळ रचना फारशी पालटली नाही. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या एक्सलकडे जातो व दुसरा पुढच्या एक्सलकडे. दांडा ओढला की पुढचा शाफ्ट मागच्याशी जखडला जातो. पुष्कळ गाड्यांत पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर हब असतात. ते मोकळे असले तर चाके एक्सलशी संबंध न ठेवता फिरतात, आणि बंद केले तर जोडली जातात. शक्ती चाकापर्यंत पोचावयाची तर दांडा आणि हब, दोहोंनीही आपले काम केले पाहिजे.

आता समजा, दांडा बसला, पण पुढची चाके ओढीत नाहीत. अशा वेळी पुष्कळदा थेट ट्रान्स्फर केस खोलण्याचा सल्ला मिळतो. ते काम खर्चाचे, आणि अनेकदा अनावश्यक. त्याआधी पुढील परीक्षा घरच्या घरी करता येते. सपाट, कच्च्या जमिनीवर दोन्ही हब मोकळे ठेवा, दांडा फोर व्हीलमध्ये टाका आणि गाडी चार-सहा हात हळूच पुढे न्या. एका माणसाने दूर बाजूला उभे राहून पुढच्या शाफ्टकडे पाहावे. शाफ्ट फिरला, तर ट्रान्स्फर केस निर्दोष आहे. दोष पुढे, हबांत वा एक्सलमध्ये शोधावा. फिरला नाही, तर दोष दांड्यात वा पेटीत आहे.

मग उलट परीक्षा घ्यावी. दांडा टू व्हीलमध्ये ठेवून दोन्ही हब बंद करावे आणि गाडी पुन्हा सरळ चालवावी. आता चाकेच शाफ्टला फिरवितील. शाफ्ट फिरला, तर दोन्ही हब नीट आहेत. स्थिर राहिला, तर निदान एका बाजूची साखळी तुटलेली आहे. कारण एक हब जरी मोकळा राहिला तरी डिफरन्शियल त्या बाजूचा दांडा उलट फिरवून देतो आणि शाफ्ट जागचा हलत नाही. ज्या गाडीला असे मोकळे होणारे हबच नाहीत, तिचा पुढचा शाफ्ट बहुधा नेहमीच फिरतो. तिला ही परीक्षा लागू नाही.

दोष दांड्याकडे निघाला, तर प्रथम स्वस्त कारणे पाहावी. गाडीखालच्या जोडदांड्यांवर चिखल सुकून बसतो, बुश झिजतात, आणि दांडा वरून बसल्यासारखा वाटला तरी आतला गिअर अर्ध्यावरच राहतो. बटणाने चालणाऱ्या गाड्यांत फ्यूज, वायरींचे गंजलेले जोड आणि दांडा सरकविणारी मोटर तपासावी. काही गाड्यांत हे काम हवेच्या ओढीवर चालते. तेथे रबरी नळी चिरलेली असणे हे नेहमीचे कारण होय. हब अडला, तर तो उघडून जुने घट्ट ग्रीस धुऊन काढावे. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

दुसरी तक्रार याच्या उलट असते: फोर व्हील बसते, पण सुटत नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. कच्च्या वाटेवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरण्यास वाव नसतो, म्हणून सारा ताण शाफ्ट आणि गिअरांत साठतो व दांडा अडकतो. त्या वेळी दांड्याशी झटापट करू नये. गाडी सरळ रेषेत काही हात मागे घ्यावी. ताण उतरला की दांडा सुटतो. पुढचे टायर नवे व मागचे झिजलेले असले तर सरळ रस्त्यावरही असाच ताण येतो. हवा सारखी भरून, टायरवर खडूची खूण करून, एका फेऱ्यात चाक किती अंतर जाते ते पुढे-मागे मोजावे.

एक गोष्ट मात्र दोष समजू नये. चिखलात पुढचे एक आणि मागचे एक चाक गरगर फिरते व उरलेली दोन स्वस्थ राहतात. साध्या डिफरन्शियलचा तो धर्मच आहे. तेथे वेग वाढवून उपयोग नाही. फिरणाऱ्या चाकांखाली दगड वा फांद्या घालाव्या.

ओढ्यातून गाडी काढल्यावर तेलाची परीक्षा अवश्य करावी. तापलेला एक्सल पाण्यात एकदम निवतो, आणि त्याच्या श्वासनळीचे तोंड चिखलाने बुजलेले असेल तर तो सीलमधून पाणी आत ओढतो. तेल दुधट दिसले तर ते त्वरित बदलावे, नाहीतर बेअरिंगे जातील.

येथे धोक्याची एक सूचना. फोर व्हील तपासण्यासाठी एखादेच चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करू नये. जमिनीवरची चाके ओढू लागली की गाडी जॅकवरून उडी घेते. इंजिन चालू असता गाडीखाली शिरणे तर सर्वथा वर्ज्य.

पीथमपूरजवळ ११.३ किलोमीटरची वेगपरीक्षेची धावपट्टी २०२१ साली सुरू झाली. नव्या गाड्यांची कसोटी तेथे लागते. आपल्या जुन्या गाडीची कसोटी बांधावरच लागावयाची. म्हणून मृगापूर्वीच वरील दोन्ही परीक्षा कराव्या, आणि महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर थोडे अंतर फोर व्हीलमध्ये गाडी चालवावी, म्हणजे पुढच्या भागांना तेल पोचेल. मिस्त्रीकडे जाल तेव्हाही नुसते ‘फोर व्हील चालत नाही’ असे न सांगता कोणत्या परीक्षेत शाफ्ट फिरला आणि कोणत्या परीक्षेत फिरला नाही ते सांगावे. तेवढ्या माहितीने त्याचा दिवस वाचेल आणि आपला खर्चही.