फिरत्या शौचालयात जेट बसवताना

सदाशिव पेठेतल्या आमच्या बचत गटाकडून आज जरा चारचौघींत न निघणारा विषय घेतलाय. जत्रेला, वारीला, गणपतीला चाकांवरची शौचालयं उभी करतात ना, त्यांत धुण्यासाठी जेट कसा बसवायचा, हे सांगायचं आहे.

जेट म्हणजे नळीच्या टोकाला दाबायची ती छोटी तोटी. घरोघरी आता दिसते. गाडीत मात्र बऱ्याचदा एक नळ आणि साखळीने बांधलेला मग, एवढंच. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता माणसांनी भरून जातो, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. जायचं कुठे, या धास्तीने बायका आणि पथकातल्या ढोल वाजवणाऱ्या मुली दिवसभर घोटभर पाणी पीत नाहीत. अशाच एका गाडीची सफाई आमच्या गटाकडे होती. बायका दार उघडायच्या, तो मग बघायच्या नि परत फिरायच्या. पाळी चालू असलेल्या मुलीची तर आत पाऊल टाकायची तयारी नसायची.

गाडीवाल्या दादांचं म्हणणं, जेट लावला की तासाभरात टाकी रिकामी. आम्ही वाद न घालता मोजून दाखवलं. तुम्हीही मोजा. लिटरचं भांडं जेटखाली धरायचं. १० सेकंदांत भरलं, तर मिनिटाला ६ लिटर. एका बाईला अर्धा मिनिट धरलं, तर ३ लिटर. १०० बायकांना ३०० लिटर. मगाने दोन-तीनदा ओतलं तरी हिशेब तिथेच येतो! अँगल कॉक अर्धाच उघडला की पाणी आणखी वाचतं आणि धारही मऊ येते. पण वरून जेवढं पाणी जातं, तेवढं खालच्या मैल्याच्या टाकीत साठतं. म्हणून आधी ती टाकी किती लिटरची आहे ते विचारा.

गाडीत चांगली सोय होत नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पुण्यातच २०१६ साली उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी मोडीत निघालेल्या सिटी बसमध्ये बायकांसाठी ‘ती’ टॉयलेट उभं केलं, बाळाला पाजायच्या जागेसकट. आणि परदेशात फिरायच्या घर-गाडीत नुसता कागद असतो, तिथेही लोक आता हा जेट बसवून घेतात.

आता बसवायचं कसं. १० मीटर उंचीवरची टाकी साधारण १ किलो दाब देते. गाडीच्या टपावरची टाकी जेमतेम दोन मीटरवर, म्हणून धार रडते. छोटा पंप लागतो. मोठ्या बसची बॅटरी २४ व्होल्टची, लहान ट्रेलरची १२ची. पंप तिच्याच जोडीचा घ्या. नळाच्या जागी टू-वे अँगल कॉक बसवा. टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळा. नळीच्या नटात रबरी वॉशर आहे ना, बघा. नट हाताने आवळून पान्याने थोडाच फिरवा, जास्त पिळला की वॉशर फाटतो. जेटचा हुक पातळ पत्र्यात नुसत्या स्क्रूवर टिकत नाही, गाडी हादरते. मागे प्लायचा तुकडा देऊन नटबोल्टने बसवा.

आणि नळीत एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह हवाच. जेट खाली भांड्यात लोंबत असताना टाकीचा दाब गेला, तर घाण पाणी नळीतून मागे ओढलं जाऊ शकतं, आणि हात धुवायचा नळ त्याच टाकीवर असतो. या व्हॉल्व्हच्या पैशांत घासाघीस करू नका.

दाराच्या आत आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: पुढून मागे धुवा, धार हलकी ठेवा, निघताना कॉक बंद करा. कॉक उघडा राहिला तर नळीवर सतत दाब राहतो नि ती कधीतरी फुटते. आत कुणी नसताना पंप मधूनच टकटक करत असेल, तर कुठेतरी गळतंय समजा.

गावच्या जत्रेसाठी गाडी ठरवताना पंप, एनआरव्ही आणि दोन्ही टाक्यांचे लिटर ग्रामपंचायतीच्या कागदावर लिहून घ्या. गाडी रस्त्याने हादरत येते, सांधे ढिले होतात. म्हणून गाडी उभी राहिली की पहिली बाई आत जायच्या आधी आपल्यातल्या एकीने कॉक उघडून, सांध्यांवर कोरडं फडकं फिरवून बघायचं.