जागृती आणि प्रार्थना

म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून निघून सुमारे 5 किलोमीटरवरील बन्नीमंटप येथे समाप्त होते. बन्नी म्हणजे शमी. म्हैसूरचे राजे पूर्वी येथे येऊन या वृक्षाची पूजा करीत. अज्ञातवासात पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली, ही कथा महाराष्ट्रातही घरोघरी ठाऊक आहे. तथापि शस्त्रे झाडावर असतानाच्या त्या वर्षात पांडव निश्चिंत नव्हते, इकडे सहसा लक्ष जात नाही. कीचकाने भर सभेत द्रौपदीचा अपमान केला, तेव्हाही युधिष्ठिराला भीमास आवरावे लागले. हाती शस्त्र नसताना स्वतःवर ठेवलेला हा पहारा ख्रिस्ती जीवनातील जागृतीला फार जवळचा आहे.

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब व योहान यांना जागे राहून प्रार्थना करण्यास सांगितले. परीक्षेत पडू नये, हे त्याचे कारण होते. (मराठी बायबलात येथे ‘मोह’ नव्हे, तर ‘परीक्षा’ हा शब्द योजिला आहे, आणि तो अधिक समर्पक होय. मोह बाहेरच्या वस्तूकडे बोट दाखवितो. परीक्षा मनुष्याची स्वतःची असते.) येशू पुनःपुन्हा परत आला, तेव्हा ते झोपलेले आढळले. लूकने या झोपेचे कारण दुःख हे दिले आहे. ते शिष्य आळशी नव्हते. ते खचले होते. याच पेत्राने थोड्याच वेळात तलवार उपसली, आणि कोंबडा आरवण्यापूर्वी, एका दासीने विचारताच, गुरूची ओळखही नाकारली. म्हणजे धैर्याची उणीव नव्हती. सशस्त्र जमावासमोर उभा राहणारा पुरुष साध्या प्रश्नापुढे कोसळला, कारण त्याची तयारी तलवारीची होती, प्रार्थनेची नव्हती.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये म्हैसूर राज्याच्या पश्चिम सीमेवरील गंगामूळच्या अरण्यात झाला. 1905 च्या जानेवारीत त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांना नित्य प्रार्थनेसाठी पाचारण केले. जूनपर्यंत सुमारे 550 जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. पुढे तेथे पश्चात्तापाची मोठी लाट उसळली. अशी लाट हीसुद्धा एक परीक्षाच असते, कारण अश्रू वाहून गेल्यावर आपण मुक्कामास पोहोचलो असे मनास वाटू लागते. मुक्ती सदनात मात्र प्रार्थनेनंतर शेत होते, दळण होते, छापखान्यात खिळे जुळविणे होते. रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबलाचे भाषांतर करीत होत्या.

1921 मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. लूकने सांगितलेले दुःख हेच. तरीही भाषांतराचे काम चालूच राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.