बुडती पेढी आणि हातची विद्या



शाळामास्तरास सल्ला देण्याची खोड असते, आणि ती निवृत्तीनंतरही सुटत नाहीं. आज मात्र सल्ला देण्यापूर्वीं माझ्याच एका चुकलेल्या सल्ल्याची हकीकत सांगणार आहें.

१९८९ सालीं माझ्या पहिल्या तुकडींतील एक विद्यार्थी मजकडे आला. तो पुण्यांतील एका छापखान्यांत जुळारी होता. तें काम आज पुष्कळांनीं पाहिलेंही नसेल. समोरच्या घरांतून शिशाचा एकेक खिळा उचलावयाचा, तो स्टिकमध्यें बसवावयाचा, आणि उलटीं अक्षरें सुलटीं असल्याप्रमाणें वाचावयाचीं. इंग्रजीला शेंदीडशें घरें पुरत. देवनागरीस मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें धरून कित्येक शें लागत. तीं सर्व ह्याच्या बोटांस पाठ होतीं.

तो म्हणाला, "गुरुजी, छापखान्याचें काम रोडावलें आहे. पगार दोन हप्त्यांनीं मिळतो. गिऱ्हाईक ऑफसेटकडे वळलें असून अक्षरजुळणी संगणकावर होऊं लागली आहे. संध्याकाळीं तें काम शिकावयास जावें काय? पण मालकांस कळलें तर वाईट वाटेल." मीं ठासून सांगितलें, "ज्यानें पोटास घातलें त्याच्याशीं इमान राख. दोन दगडांवर पाय ठेवूं नये." तो मुकाट्यानें गेला, आणि दुर्दैव असें कीं, त्यानें माझें ऐकलें.

१९९३ सालीं छापखाना बंद पडला. खिळे शिशाच्या भावानें वजनावर विकले गेले. घरीं तान्हें मूल होतें, आणि बोटांस पाठ असलेल्या त्या घरांना आतां कोणी विचारीत नव्हतें. त्याचा तेथलाच एक सोबती मात्र चार वर्षें रोज संध्याकाळीं संगणकावरील जुळणी शिकत होता. त्यास महिन्याच्या आंत काम मिळालें. विशेष हें कीं, हा सोबती कामावर कधीं उशिरां आला नव्हता, आणि शेवटचा फर्मा बांधावयासही तोच थांबला होता. इमान आणि शिक्षण यांत वैर नाहीं, हें मला तेव्हां उमगलें.

पुढें माझा विद्यार्थीही त्या सोबत्याच्या हाताखालीं, उमेदवाराच्या पगारावर, तें काम शिकला. मीं त्यास एकदां विचारलें, "जुन्यापैकीं काय उपयोगीं पडलें?" तो म्हणाला, "गुरुजी, खिळे गेले, पण डोळा राहिला." दोन ओळींत अंतर किती असावें, शब्द कोठें तोडावा, रफार कोठें चुकला, हें त्याला नव्या मुलांहून आधीं दिसे. यंत्राची ओळख यंत्राबरोबर जाते. धंद्याची जाण टिकते.

पण संगणकावरही एकदां शिकून भागलें नाहीं. आरंभीं निरनिराळ्या कंपन्यांच्या अक्षरांचे संकेत निराळे असत. एका संगणकावरील शुद्ध मराठी दुसऱ्यावर अगम्य दिसे. १९९१ सालीं युनिकोड प्रसिद्ध झालें. त्यांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ठराविक क्रमांक आहे. तें रूढ होत गेलें, तसे एकाच कंपनीची पद्धति घोकून बसलेले पुन्हां अडखळले. या वेळीं माझा विद्यार्थी आधींच शिकून तयार होता.

ही गोष्ट नवी नाहीं. लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासणारे जावजी दादाजी पुढें स्वतः खिळे ओतूं लागले, आणि १८६९ सालीं त्यांनीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. आपल्या कामाच्या शेजारचें काम त्यांनीं आत्मसात् केलें. बुडत्या पेढींतील माणसानें हेंच करावें. जुळाऱ्यानें एकदम लोहारकी शिकूं नये. आपल्याच धंद्याची पुढची पायरी शिकावी. तीही नुसत्या पुस्तकांतून नव्हे. शेजाऱ्याची लग्नपत्रिका कां होईना, खरें काम हातीं घेऊन शिकावी. आणि पगार येत आहे तोंवरच आरंभ करावा; पोटाची चिंता लागली म्हणजे मन अभ्यासांत ठरत नाहीं.

आपल्या घरांतील कोणी अशा पेढींत असेल, तर त्यास इमानाचे धडे देऊं नका. ते त्याला ठाऊक असतात. संध्याकाळचा एक तास त्याला मोकळा करून द्या. मीं माझ्या विद्यार्थ्यास तेवढा तासही दिला नाहीं, ही खंत मला अद्याप आहे.