सिरॅक्यूजचे सत्तेचाळीस हिवाळे



न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी सिरॅक्यूज नावाचं शहर आहे. बर्फ तिथे अफाट पडतो. तिथला व्यावसायिक बास्केटबॉल संघ १९६३ साली फिलाडेल्फियाला गेला, आणि तेव्हापासून गावाचा सगळा हिवाळा विद्यापीठाच्या संघावर निघतो. विद्यापीठाच्या छताखालच्या मैदानात एकेका सामन्याला ३५ हजारांवर माणसं जमलेली आहेत. या संघाचे प्रशिक्षक जिम बेहाइम १९७६ पासून २०२३ पर्यंत, सलग ४७ हंगाम त्या जागेवर होते. त्याआधी ते तिथलेच विद्यार्थी. १९६२ साली शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरले, खेळले, मग सहायक झाले.

शेवटच्या काही वर्षांत संघ घसरला आणि चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, या माणसाने आपल्याला नाव मिळवून दिलं, त्याला त्याच्या मर्जीने जाऊ द्या. दुसरा म्हणे, फार झालं. माझं म्हणणं असं आहे की या वादात दोन वेगळे हिशेब एकाच वहीत लिहिले गेले. एक कृतज्ञतेचा, दुसरा पुढच्या हंगामाचा.

कृतज्ञता कशाबद्दल, ते आधी सांगतो. बेहाइम यांची ओळख म्हणजे त्यांचा बचाव: दोन खेळाडू पुढे, तीन मागे. माणसामागे धावायचं नाही, आपापला टापू राखायचा. लांब हातांची पोरं मिळाली की समोरच्याला वाट सापडत नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांची संघटना एनसीएए; तिच्या स्पर्धेचा २००३ चा अंतिम सामना न्यू ऑर्लिन्सला होता, कॅन्ससविरुद्ध. शेवटचे सेकंद, सिरॅक्यूज तीन गुणांनी पुढे. चेंडू कोपऱ्यात मायकेल लीच्या हाती मोकळा पडला. कोपरा ही या बचावाची दुखरी जागा. मागच्या फळीतला माणूस तिथे पोचेपर्यंत चेंडू सुटलेला असतो. हकीम वॉरिक बास्केटजवळून झेपावला आणि तीन गुणांची ती फेक त्याने हवेतच उडवून लावली. ८१-७८. एनसीएए स्पर्धेतलं विद्यापीठाचं ते एकमेव विजेतेपद. ज्या गावाने हे पाहिलं, त्याने त्या प्रशिक्षकावर जीव टाकला तर नवल काय?

पण तोच बचाव पुढे महाग पडू लागला. सगळा खेळ लांबून फेकण्याकडे झुकला, आणि वॉरिकसारखी पोरं दरवर्षी मिळत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या कोलगेट विद्यापीठाने सिरॅक्यूजच्या घरी येऊन तीन गुणांच्या फेकींचा मारा केला आणि १०० गुण ठोकले. १९६२ नंतर कोलगेटने त्यांना हरवलेलं नव्हतं. तो हंगाम १६ विजय आणि १७ पराभवांवर संपला. बेहाइम यांच्या कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव जास्त, असं पहिल्यांदाच झालं. पुढच्या वर्षी कोलगेट पुन्हा जिंकलं.

‘ठेवा’ म्हणणाऱ्यांकडेही पुरावे होते, हे मी नाकारत नाही. मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेत २०१६ साली दहावं मानांकन असताना संघ शेवटच्या चारांत गेला. २०१८ आणि २०२१ मध्ये अकराव्या मानांकनावरून शेवटच्या सोळांत. दर वेळी वाटे, म्हाताऱ्यात अजून दम आहे. अशा मार्च महिन्यांनी चाहत्यांना पुढची वर्षं उधार दिली.

माझी खरी तक्रार विद्यापीठाबद्दल आहे. २०१५ मध्ये नियमभंगाबद्दल एनसीएएने बेहाइम यांना नऊ सामने बाहेर बसवलं, शंभरावर विजय पुस्तकातून काढले. तेव्हा विद्यापीठाने जाहीर केलं की तीन वर्षांनी ते निवृत्त होतील. वारसही ठरला, माइक हॉपकिन्स. मार्च २०१७ मध्ये हॉपकिन्स वॉशिंग्टन विद्यापीठात प्रमुख प्रशिक्षक म्हणून गेले, आणि लगेच बेहाइम यांचा करार वाढवला गेला. वारस गेला तर दुसरा शोधायचा होता. तारीखच कशाला पुसली? त्या दिवसापासून निवृत्ती केव्हा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्याला तारीख नाही त्यावर लोक भांडणारच.

आणि या भांडणात ज्यांचं नाव कुणी घेत नव्हतं, ते खेळाडू. विद्यार्थी खेळाडूला साधारण चार हंगाम मिळतात. ‘आणखी दोन वर्षं बघू’ हे चाहत्याला सोपं आहे. अठरा वर्षांच्या मुलाची त्यात अर्धी कारकीर्द जाते. प्रशिक्षकाचे उपकार त्या मुलाने का फेडायचे? मैदानाच्या फरशीला २००२ सालीच, विजेतेपदाच्याही आधी, बेहाइम यांचं नाव दिलेलं होतं. कृतज्ञता म्हणतात ती हीच, आणि ती हक्काची होती. पुढच्या हंगामाची जागा मात्र बक्षीस म्हणून द्यायची गोष्ट नाही.

८ मार्च २०२३ रोजी ग्रीन्सबरोमध्ये वेक फॉरेस्टने अखेरच्या क्षणी तीन गुणांची फेक मारून ७७-७४ असा सामना काढला. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत ७८ वर्षांच्या बेहाइम यांना आपण राहणार की जाणार, हे धड सांगता आलं नाही. विद्यापीठ ठरवेल, असा त्यांचा सूर होता. काही तासांत विद्यापीठाचं पत्रक आलं: नवे प्रशिक्षक एड्रियन ऑट्री. त्यांचाच जुना खेळाडू, त्यांचाच सहायक. ४७ वर्षं दिलेल्या माणसाला हा निरोप! ‘काढा’ म्हणणाऱ्यांतही अनेकांना हे लागलं असणार. मलाही ते लागतं.

ऑट्री यांच्या पहिल्या हंगामात २० विजय आले, दुसऱ्यात १४ विजय आणि १९ पराभव. म्हणजे दुखणं एका माणसाचं नव्हतं. २०२१ पासून खेळाडू मोकळेपणाने विद्यापीठं बदलतात, आपलं नाव आणि प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घेतात. त्या बाजारात सिरॅक्यूज मागे पडलं होतं. हे दुखणं २०१८ मध्ये ठरल्याप्रमाणे नव्या माणसाच्या हाती आलं असतं, तर हे नवे नियम येण्याआधी त्याला तीन हंगाम मिळाले असते, आणि सल्ल्याला बेहाइम शेजारीच असते. म्हणून मी ‘बदला’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि २०२३ च्या नव्हे, २०१८ च्या तारखेने आहे.