सॅमभाऊ

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०१९ मध्ये साताऱ्यात केलेलं भाषण. कागदावर उतरवताना थोडं सावरलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माहिती तंत्रज्ञान : काल, आज आणि उद्या’. उद्याचं मला काही कळत नाही, आणि आजचं तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी कालचं सांगते, आणि तेही सांगलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरपुरतं.

हा कॉम्प्युटर आपल्याच वर्गातल्या एकाचा. तो आत्ता समोर बसलाय. त्याची परवानगी घेतली आहे, पण नाव घ्यायचं नाही ही अट आहे. म्हणाला, “नाव घेतलंस तर जेवणाच्या वेळी सगळे दंडाला धरून मला ताटापर्यंत नेतील. मला वासावरून ताट सापडतं.”

नववीत आपण अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो, आठवतं? उतरताना अंधार पडला आणि एक जण दर दहा पावलांना ठेचकाळत होता. आपण सगळे हसलो होतो. मी जरा जास्तच हसले होते. त्याला रातांधळेपणा आहे हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. डोळ्याचा मागचा पडदा हळूहळू निकामी होणारा तो आजार असतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, आणि शेवटी नळीतून पाहावं तसं उरतं, तेही जातं. तो बी.कॉम. झाला, सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे हिशेबाला लागला. मी तेव्हा सांगलीतच वालचंदला इंजिनीअरिंग करत होते. विश्रामबागेत आमची अधूनमधून गाठ पडायची आणि तो जाड भिंगाचा चष्मा लावून माझ्या प्रॅक्टिकलच्या वह्यांची चेष्टा करायचा. २००५ च्या सुमारास आकडे दिसेनात, म्हणून त्यानं नोकरी सोडली. मला हे कळलं दोन वर्षांनी, तेही दुसऱ्याकडून.

तेव्हा मी पुण्यात नोकरी करत होते. दृष्टिहीन माणसं कॉम्प्युटर वापरतात, एवढं ऐकून माहीत होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला नावाजलेला ‘जॉज’. तो टेड हेंटर या माणसानं काढला. हेंटर आधी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा, गाडीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. पण जॉजची किंमत आपल्या मित्राच्या सेकंडहँड कॉम्प्युटरपेक्षा जास्त होती. शोधता शोधता मला ‘फायर व्हॉक्स’ सापडलं. चार्ल्स चेन या टेक्सासमधल्या विद्यार्थ्यानं केलेलं, फुकट, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं. मूळ ब्राउझर असतो तसाच राहतो, हे जोडलं की तो बोलायला लागतो.

२००७ च्या दिवाळीत फाइल पेन ड्राइव्हमध्ये घेऊन मी सांगलीला गेले. लोडशेडिंगची वेळ विचारून गेले होते, तरी पोचले तेव्हा वीज नव्हतीच. दोन तास आम्ही त्याच्या आईच्या हातच्या चकल्या खात बसलो. वीज आली आणि मी कामाला लागले. एकेक पायरी त्याला मोठ्यानं सांगत होते. आता फाइल उघडली. आता फायरफॉक्स विचारतोय, हे खरंच बसवायचं का. आता बटण काही सेकंद दाबताच येत नाही, आकडे उलटे मोजतोय, कारण घाईघाईत कोणी भलतंच काही बसवू नये. आता दाबलं. आता फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडायचा.

तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे बोलणारं यंत्र बसवायला आधी दिसणारं माणूस लागतं.”

मी इंजिनीअर. पुण्याहून येताना हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

फायरफॉक्स उघडला आणि बोलला. आवाज विंडोज एक्सपीबरोबर फुकट येणारा, ‘मायक्रोसॉफ्ट सॅम’ नावाचा. सर्दी झालेल्या माणसानं डब्यात तोंड घालून इंग्रजी वाचावं तसा. आपल्या मित्रानं लगेच त्याचं बारसं केलं : सॅमभाऊ. त्या आठवड्यात भारत-पाकिस्तान एकदिवसीय सामने चालू होते. त्यानं धावफलक उघडायला लावला. कंट्रोल, शिफ्ट आणि एक अक्षर दाबलं की पुढचा तुकडा, दुसरं अक्षर दाबलं की मागचा. सॅमभाऊंनी आपल्या खेळाडूंच्या नावांची जी वाट लावली ती ऐकून त्याची आई पदर तोंडाला लावून हसत होती. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं कोणालाही न विचारता स्कोअर वाचला होता. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदाही वाचला. नंतर माझ्याशी बोलेचना.

मग तो म्हणाला, “आता मराठी पेपर लाव.” मी लावला. त्या काळात बऱ्याच मराठी पेपरांच्या साइट स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरायच्या. दिसायला मराठी, पण आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. सॅमभाऊंनी ती अक्षरं इमानेइतबारे वाचली. मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. युनिकोडमधलं एक पान सापडलं, तर त्यावर ते सरळ गप्प बसले. मधला तारखेचा आकडा तेवढा वाचला. मराठी लिपी त्यांच्या गावीच नव्हती.

फायर व्हॉक्स फायरफॉक्सपुरतंच बोलायचं. म्हणून मी फायरफॉक्स कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडेल असं करून दिलं, त्याला चार अक्षरं पाठ करायला लावली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. फार समाधानात होते. ऑफिसात दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा.

पुढच्या दिवाळीत पुन्हा गेले. कॉम्प्युटरवर कापड घातलेलं होतं.

झालं होतं असं : जूनमध्ये फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती आली. ‘नवीन घ्यायची का?’ असा प्रश्न पडद्यावर आला आणि घरातल्या शाळकरी पोरानं ‘हो’ केलं. फायरफॉक्सनं पाहिलं, की जोडलेलं फायर व्हॉक्स जुनं आहे, नव्याशी जुळत नाही. त्यानं ते बंद करून टाकलं आणि तसा निरोप पडद्यावर लिहिला. लिहिला. तो वाचून दाखवणारे सॅमभाऊ त्याच क्षणी गेलेले. चार महिने हा रोज कॉम्प्युटर लावायचा, पंख्याचा आवाज ऐकायचा, चार अक्षरं दाबून पाहायचा आणि बंद करायचा.

“फोन का नाही केलास?”

“मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं. एवढ्या लांबून आली होतीस.”

मंडळी, नोकरीत माझ्या हातून लहानमोठ्या पुष्कळ चुका झाल्या. ही मात्र मी कुठल्या नोंदवहीत लिहिली नाही आणि विसरलेही नाही. यंत्र बसवलं आणि निघाले. बिघडलं तर त्यानं काय करायचं, हा प्रश्न मी विचारला नव्हता.

त्या वेळी मी ‘एनव्हीडीए’ घेऊन गेले होते. मायकेल करन आणि जेम्स तेह हे दोघे ऑस्ट्रेलियन, दोघेही दृष्टिहीन. करननं २००६ मध्ये हे काम सुरू केलं. तेही फुकट. त्याची गंमत ऐका. फाइल उघडल्या उघडल्या ते बोलायला लागतं. ‘बसवायचं का?’ हा प्रश्नसुद्धा बोलूनच विचारतं. बनवणाऱ्यांना स्वतःला दिसत नसल्यामुळे पहिली पायरी कुठे अडते ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पेन ड्राइव्हवरून, न बसवताही चालतं. आणि ते फक्त ब्राउझरपुरतं नाही, सगळा विंडोज वाचतं. या खेपेला मी खुर्चीवर बसलेच नाही. त्याच्या मागे उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. वेळ लागला. एकदा विजेनंही दगा दिला. पण बसवलं त्यानं.

मराठी आवाज काही वर्षांनी मिळाला. जोनाथन डडिंग्टन या माणसानं सुरू केलेला ‘ई-स्पीक’ नावाचा अगदी छोटा प्रोग्रॅम एनव्हीडीएबरोबरच येतो, त्यात आता मराठीही आहे. आवाज यंत्राचाच, गोडवा शून्य. बाई, तुम्ही आम्हाला ‘जग’ हा शब्द दोनदा म्हणायला लावायचात. दुनिया या अर्थाचा जग वेगळा, आणि ‘शंभर वर्षं जग’ मधला जग वेगळा, चमच्यातला च आणि चहातला च वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच, म्हणून बिचाऱ्या यंत्राची पंचाईत होते. आपला मित्र ऐकता ऐकता त्याच्या चुका दुरुस्त करत असतो, तुमच्याच आवाजात. आता तो इतक्या वेगानं ऐकतो की मला एक शब्द कळत नाही. मटार सोलल्यासारखा आवाज येतो, बस्स. आज तो दोन व्यापाऱ्यांचे हिशेब घरी बसून एक्सेलमध्ये ठेवतो. त्यातला एक, ज्याच्याकडची नोकरी सोडली होती, तोच.

इथे एका पुणेकराचं नाव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टी. व्ही. रामन. १९६५ चा जन्म, वाढले पुण्यात, चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. तिथे १९९४ मध्ये, म्हणजे आपण दहावीला बीजगणिताशी झटापट करत होतो त्या वर्षी, त्यांनी पीएच.डी. केली. विषय होता, गणिताची अवघड सूत्रं यंत्राकडून कानाला समजतील अशी वाचून घेणं. त्या प्रणालीचं नाव ‘अ‍ॅस्टर’, आणि त्यांच्या वाटाड्या कुत्रीचं नावही अ‍ॅस्टर. पुढे ते गूगलमध्ये गेले. आपला फायर व्हॉक्सवाला चार्ल्स चेनही तिथे पोचला, आणि दोघांनी सहकाऱ्यांबरोबर क्रोमसाठी ‘क्रोमव्हॉक्स’ केलं. म्हणजे सॅमभाऊंचं घराणं पुण्याशी जोडलं गेलं, असं आम्ही मानतो. सातारा-सांगलीकरांना हे मानायला थोडं जड जातं, पण इलाज नाही.

आता माझी गोष्ट. २०११ मध्ये मी एका कंपनीच्या ऑनलाइन अर्जाचं काम करत होते. पडदा देखणा झाला होता, चित्रांची सुबक बटणं. मी कौतुकानं त्याला लिंक पाठवली. त्याचा फोन आला. पलीकडून त्यानं स्क्रीन रीडरचा आवाज ऐकवला : “बटण. बटण. बटण. बटण.” सात वेळा. चित्राच्या मागे शब्द लिहायचा असतो, तो मी लिहिलाच नव्हता. सात बटणांना सात शब्द. काम दहा मिनिटांचं. पण त्यातलं कुठलं ‘जतन करा’ आणि कुठलं ‘रद्द करा’ हे त्यानं कसं ओळखावं?

यंदाच्या ऑगस्टमधलं सांगितलं की संपलंच. सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक त्यात होते. आपला मित्र आईला घेऊन वरच्या मजल्यावर होता, हातात फोन, फोनही आता बोलणारा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपांचा पाऊस पडत होता : पाणी किती वाढलं, बोट कुठे येणार, निवारा कुठल्या शाळेत. आणि फोन त्याला वाचून दाखवत होता : “फोटो. फोटो. फोटो.” लोक फळ्यावर लिहून त्याचे फोटो टाकत होते, रंगीत पार्श्वभूमीवर सजवलेली निवेदनं टाकत होते. शब्द चित्रात अडकलेले. शेवटी आपल्याच वर्गाच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, “कुणीतरी टाइप करा रे.” रात्री दोन वाजता आपल्यातल्या एकीनं साताऱ्यात बसून एकेक फोटो पाहून टाइप करायला सुरुवात केली. मी नव्हे, मी झोपले होते. ती इथे आहे, तिलाही नाव घेतलेलं आवडणार नाही. सकाळी त्याला आणि आईला बोटीत घेतलं तेव्हा बोट कुठल्या कोपऱ्यावर येणार हे त्यालाच माहीत होतं. शेजारच्या तीन घरांना त्यानं सांगितलं.

संपादक मंडळाला एक विनंती मी आधीच केली आहे, इथे सगळ्यांसमोर पुन्हा करते. आपली स्मरणिका छापखान्यात पेजमेकरवर जुन्या फॉन्टमध्ये जुळवली जाते. दिसते सुंदर. पण तिची पीडीएफ त्याला पाठवली तर पुन्हा तेच मंत्र. छापायची ती तशीच छापा, पण लेख आधी युनिकोडमध्ये घ्या आणि ती साधी फाइल वेगळी ठेवा. जुळारी म्हणतात जोडाक्षरं तुटतील. तुटली तर मी रात्री बसून जोडीन. या वेळी झोपणार नाही.

त्याचीही एक मागणी आहे, काल फोनवर सांगितली. दहावीचा ग्रुप फोटो स्मरणिकेत येणार आहे ना, त्याखाली नावं द्या. रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे, पूर्ण नावं. मी म्हटलं, “तुला कशाला? तू कुठे उभा आहेस ते तुला पाठ आहे.”

म्हणाला, “माझं ठाऊक आहे गं. दुसरी रांग, खांबाशेजारी. माझ्या उजव्या हाताला कोण होतं ते आठवत नाहीये, आणि कोणाला विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो मीच.”