तक्ता आणि शिंप्याची टेप

भालकी-बसवकल्याणकडे आपण दवाखान्यातल्या उंची-वजनाच्या तक्त्याला निकालपत्रच मानतो. माझं वजन त्यात चोख बसायचं, तरी साखर निघाली!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच: २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! काटा हाड, मांस, चरबी सगळं एकत्रच तोलतो. आपली चरबी बसते पोटावर.

तेव्हा आरतीनंतर मोदकांवर बसण्याआधी कमरेला शिंप्याची टेप लावा. पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर गेली, तर साखर तपासून घ्या. माझी ९६ भरली होती.